सोड्यातला गुलाबी रुमाल

अहो, तुम्ही गेल्यापासून दारात येणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल चांगलंच बोलतो, आणि मला पहिला संशय तिथेच आला. इतकं चांगलं कुणी नसतं. तेवीस वर्षं तुमच्याबरोबर संसार केला. त्यातली पहिली दोन तुमच्यावर पाळत ठेवण्यात गेली, आणि पुढे ती सवय काही सुटली नाही. तुमचा तेरावा होऊन चार दिवस झाले. आपली सुमी बंगळूरला परत गेली. घर पुन्हा रोजच्यासारखं झालंय, म्हणजे तुमच्या अम्मा पुढच्या खोलीत आणि मी स्वयंपाकघरात. रडायला बसलेले नाही मी, ते झालं करून. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. एकवीस वर्षं विचारत आले आणि तुम्ही दर वेळी हसून विषय बदललात. तुम्हाला माझा भरवसा होता की नव्हता?

मिरजेहून मी लग्न होऊन मद्रासला आले. आता चेन्नई म्हणायचं म्हणे, पण मी आले ती मद्रासला. पश्चिम मांबळममधलं हे घर, आणि घरात तुम्ही दोघं मायलेक. तंजावरची तुमची मराठी ऐकून मला पहिले आठ दिवस वाटत होतं की आपल्याला कुणीतरी जुन्या पोथीतल्या माणसांच्या घरी दिलंय. अम्मा ‘बस’ म्हणत नसत, ‘बैस’ म्हणत, आणि तेही तमिळच्या चालीवर, शेवटचं अक्षर वर नेऊन. माझं बोलणं त्यांना उद्धट वाटे. त्या आणि तुम्ही मागच्या अंगणात हळू आवाजात काहीतरी बोलायचात आणि मी गेले की गप्प व्हायचात. नव्या नवरीला एवढं पुरतं.

तुम्ही औषध कंपनीत केमिस्ट आहात असं माझ्या वडलांना सांगितलं होतं. मी विचारलं, कसलं औषध? तुम्ही म्हणालात, एन्झाइमचं काम आहे. शाळेच्या पुस्तकात ‘विकर’ असा शब्द वाचल्याचं मला आठवत होतं, त्यापुढे काही नाही. मग तुम्ही विषय बदललात. तुमचं विषय बदलणं मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

आणि तो अननस. लग्नानंतरची पहिली दिवाळी, माझ्या माहेरची माणसं यायची होती. टी. नगरच्या बाजारातून मी अननस आणला, चक्का बांधला, आणि कच्च्या अननसाचे बारीक तुकडे घालून श्रीखंड करून ठेवलं. सकाळी केलं ते दुपारपर्यंत पातळ झालं आणि चव कडू जहर. मी अम्मांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि ते मला पुराव्यासारखं वाटलं. मधल्या वेळात स्वयंपाकघरात त्या एकट्याच होत्या, पातेल्याला हात कुणाचा लागला असणार? मी खोलीत जाऊन तुम्हाला सांगितलं की तुमच्या आईनं माझ्या श्रीखंडात काहीतरी घातलं. तुम्ही चमचाभर खाल्लंत, तोंड वाकडं केलंत आणि मला म्हणालात, “घातलं आहे, पण तू. अननसात एक एन्झाइम असतं. दुधातलं प्रथिन तोडतं ते. त्या प्रथिनाचे तुकडे कडू लागतात. अननस आधी शिजवला असतास तर काही झालं नसतं, उष्णतेनं ते मरतं.”

मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन वाट्या लावल्या, एकीत कच्चा अननस, एकीत पाकात उकळलेला, आणि दोन्ही कपाटात कुलूप लावून ठेवल्या. किल्ली माझ्या कमरेला. संध्याकाळी उघडलं तर तुम्ही म्हणालात तसंच. कच्च्याची वाटी कडू, शिजलेल्याची गोड. अम्मा सुटल्या, पण मला त्याचा आनंद झाला नाही. मग मनात आलं, औषध कंपनीतल्या माणसाला श्रीखंड का बिघडतं हे इतकं चटकन कसं ठाऊक?

पुढे सुमी झाली. तिची पहिली आंघोळ घरात घालायची होती, सुईण उशिरा येणार होती, आणि तुम्ही घंघाळात कोपर बुडवलंत. हात नाही, कोपर. दोन क्षण ठेवलंत आणि म्हणालात, “अजून एक तांब्या गार. सदतीस झालं पाहिजे.” थर्मामीटर आणून पाहिलं तर अगदी सदतीस. सुईण आल्यावर तुमचं कौतुक करत राहिली. मी मात्र विचार करत राहिले. तुम्हाला धाकटं भावंड नाही, शेजारी तान्हं मूल नाही. हा माणूस बाळाचं पाणी बघायला शिकला कुठे? कुणाचं बाळ न्हाऊ घालून हा हात एवढा तयार झालाय?

तुम्ही हसाल, पण बाळंतिणीच्या खाटेवर पडून मी सगळं जुळवत होते. तुम्ही सकाळी निघताना एका साबणाचा वास आणि संध्याकाळी परतताना दुसऱ्याचा. ओले केस विंचरलेले. म्हणजे कुठेतरी आंघोळ करून येता. शिवाय घरी आल्यावर पुन्हा मागच्या अंगणात आंघोळ, अम्मा बंबाचं पाणी तयार ठेवूनच असायच्या. मला वाटे, गाडीत शिवाशिव झाली म्हणून त्यांचं सोवळं. खिशात एक छोटी बाटली असे, बूच काढलं की स्पिरिटचा वास. म्हणजे दारू? आणि ती अंगठ्याची सवय. कणीक मळलेली दिसली की अंगठा दाबून बघायचात. सुमीच्या मांडीवर दाबायचात, माझ्या दंडावर दाबायचात, आणि खळगा किती वेळ राहतो ते बघत बसायचात. लाडानं करत असाल तर एक वेळ ठीक. पण तुमचा चेहरा त्या वेळी हिशेब करणाऱ्या माणसाचा असे.

मग तो रुमाल. सुमी सहा महिन्यांची होती. धोब्याचा दिवस नव्हता, मी तुमचे कपडे धुण्याच्या सोड्यात भिजवले आणि बघते तर पांढऱ्या रुमालावर गुलाबी डाग उमटला. माझ्या डोळ्यांदेखत. साधासुधा नाही, लखलखीत गुलाबी, कुणा बाईच्या ओठांचा असावा तसा. मी तो तसाच निथळत घेऊन अंगणात धावले. अम्मा समई चिंचेनं घासत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी रुमाल माझ्या हातातून घेतला, पुढ्यातल्या चिंचेच्या पाण्यात बुडवला, पिळला आणि झटकून समोर धरला. कोरा पांढरा. “कोठे आहे डाग?” म्हणाल्या. मी बघतच राहिले. बाळंतपणानं माझं डोकं फिरलंय असं मला स्वतःलाच वाटलं, आणि त्यांनी बहुतेक तसं वाटू दिलं.

पण मी मिरजेची. त्याच आठवड्यात मी अम्मांना म्हटलं, टी. नगरला पोलक्याचं कापड आणायला जाते. सुमीला शेजारी ठेवलं आणि तुमच्या मागोमाग मांबळम स्टेशनात शिरले. तुम्ही पुरुषांच्या डब्यात, मी पुढच्या बायकांच्या डब्यात. प्रत्येक स्टेशनावर डोकं बाहेर काढून बघत होते. पल्लावरमला तुम्ही उतरलात. स्टेशनापासून पुढे वास सुरू झाला, चुन्याचा, कुजकट, खारट. नाकाला पदर लावून मी चालत राहिले. मनात म्हणत होते, अशा वस्तीत ठेवलीय होय तिला.

तुम्ही एका फाटकात शिरलात. मी फाटकवाल्याला मोडक्या तमिळमध्ये विचारलं, राव सार कुठे? त्यानं मला आत नेलं. मोठाले लाकडी ढोल फिरत होते, जमिनीवर पाणी, कडेला केस काढलेली शेळ्यांची कातडी ढिगानं, पांढरीफटक. आणि तुम्ही रबरी बूट घालून, बाही खांद्यापर्यंत सारून, एका थांबलेल्या ढोलात कोपर बुडवून उभे होतात. शेजारी कादरभाई, तुमचा ढोलावरचा माणूस, हातात थर्मामीटर घेऊन. तुम्ही मला पाहिलंत. मी वाट बघत होते, आता घाबरतील, आता हात जोडतील. तुम्ही म्हणालात, “दहा मिनिटं थांब. हे आत्ता सोडता येणार नाही.”

एवढा अपमान माझा त्याआधी कुणी केला नव्हता. चोरी पकडायला आलेल्या बायकोला दहा मिनिटं थांब म्हणणारा नवरा मी पहिल्यांदा पाहिला. मी कोपऱ्यात उभी राहिले. तुम्ही कातडं बाहेर काढलंत, दोन बोटांत धरून अंगठा दाबलात, सोडलात, खळगा बघितलात. मान हलवलीत, पुन्हा आत टाकलंत. थोड्या वेळानं पुन्हा. मग दुसऱ्या एका कातड्याचा काप घेऊन खिशातल्या बाटलीतला एक थेंब त्यावर टाकलात, आणि कापाच्या मध्ये गुलाबी रेघ उमटली. तोच गुलाबी. बाटलीचं तोंड तुम्ही रुमालानं पुसलंत आणि रुमाल खिशात ठेवलात. दोन वर्षांचा माझा पुरावा त्या एका थेंबात संपला, आणि खरं सांगू, मला हायसं वाटायच्या आधी थोडं वाईट वाटलं. इतकं करून बाई निघालीच नाही.

परतताना गाडीत तुम्ही सगळं सांगितलंत, समोरासमोर बसून, जणू परीक्षेला बसवणार आहात. चुन्यानं कातड्याचे केस निघतात, पण धाग्यांच्या मध्ये एक चिकट प्रथिन राहतं आणि कातडं पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. ते चिकट काढायला जनावराच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम वापरतात. पूर्वी त्यासाठी कबुतराची आणि कुत्र्याची विष्ठा कालवायचे, हे सांगताना तुम्ही माझ्याकडे चोरून पाहिलंत. मी तोंड वाकडं केलं नाही, मुद्दामच. मूठभर पूड सबंध ढोलाला पुरते असं म्हणालात, कारण ते एन्झाइम स्वतः खर्ची पडत नाही, एक तुकडा तोडला की सुटतं आणि पुढच्याला धरतं. मी म्हटलं, खर्ची न पडता काम करणारं जगात काही नसतं. तुम्ही म्हणालात, बरोबर, तेही टिकत नाही, त्याचे नखरे फार. पाणी गार असलं की आळसावतं. डिसेंबरात दुप्पट वेळ लावतं. उष्णता वाढवली की जोरात पळतं, पण चाळिसाच्या वर नेलं की त्याची घडीच मोडते, उकडलेल्या अंड्यासारखी, मग गार केलं तरी परत येत नाही. म्हणून सदतीस. म्हणून कोपर. आणि ज्याला त्याला आपली जागा लागते. पोटातलं एन्झाइम आंबटात काम करतं, हे मात्र चुन्याच्या अंगानं, थोड्याशा खारात. आंबट घातलं की थांबलंच. चुना नको तितका राहिला आहे का, ते त्या थेंबानं कळतं. खारात, म्हणजे चुन्यात किंवा सोड्यात, गुलाबी; आंबटात पांढरं.

“आणि वेळ,” तुम्ही म्हणालात. “कमी ठेवलं तर कातडं ताठ, जास्त ठेवलं तर चिकट संपून ते धागेच खायला लागतं. मग कातड्याची चाळण. अंगठ्याचा खळगा राहायला लागला की त्याच मिनिटाला थांबवायचं. म्हणून तुला थांब म्हटलं.”

मी विचारलं, ते एन्झाइम अडवता येतं का? तुम्ही म्हणालात, येतं की. त्याच्या तुकड्यासारखंच दिसणारं दुसरं काही दिलं तर ते त्याच्या जागेवर बसून राहतं, बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. मग खऱ्याला जागाच नाही. मी म्हटलं, आपल्या घरात ते काम अम्मा करतात. तुम्ही इतके मोठ्यानं हसलात की समोरच्या बाईनं मूल सावरून घेतलं. लग्नानंतर तुम्हाला असं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पण सैदापेठ जवळ आल्यावर मी विचारायचं ते विचारलं. मला का नाही सांगितलंत? तुम्ही खिडकीबाहेर बघून म्हणालात, अम्मासाठी. तिचं सोवळं, तिची देवपूजा. तिला कळलं तर ती त्या हातचं पाणी पिणार नाही. “तिला माहीत नाही. कळू देऊ नको. आणि तिच्याशी जरा नीट वाग.” मी म्हटलं, ते अम्मांचं झालं. माझ्यापासून का लपवलंत? मी मिरजेला निघून जाईन असं वाटलं? तुम्ही म्हणालात, “पुन्हा तेच.” पुन्हा कसलं, मी पहिल्यांदाच विचारत होते.

त्या दिवसापासून मी तुमच्या कटात सामील झाले. अम्मांच्या हाताशी तेव्हा चिंच होती, तो मी योगायोग धरला. रुमाल मीच वेगळा धुवायला लागले, सोड्याच्या आधी लिंबाच्या पाण्यात. साबण बदलला. शेजारणी विचारायच्या, तुमच्या यजमानांची कसली कंपनी, तर मी ऐटीत सांगायची, औषधांची. आणि अम्मांशी नरम वागायला लागले. त्या बोलल्या की मनात म्हणायची, बोला बिचाऱ्या, तुम्हाला काय माहीत तुमचा सोवळ्यातला मुलगा दिवसभर कशात हात घालतो. ज्याला माहीत नाही त्याच्याशी भांडायला जोर येत नाही. गंमत म्हणजे त्याच सुमाराला अम्माही निवळल्या. माझ्या बोलण्याला उद्धट म्हणणं बंद झालं. स्वयंपाकाला नावं ठेवणं कमी झालं. एकदा मला ताप आला तर रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या. मला त्याचाही संशय आला होता, आठवतं? मी तुम्हाला विचारलं होतं, अम्मा हल्ली माझ्याकडे अशा दया आल्यासारख्या का बघतात? तुम्ही कणकेत अंगठा दाबलात आणि म्हणालात, अजून पाच मिनिटं मुरू दे.

आता शेवटच्या त्या दहा दिवसांचं. पोटात दुखतंय म्हणून तुम्ही कारखान्यातून लवकर आलात तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण तुम्ही ढोल सोडून कधी लवकर आला नव्हतात. इस्पितळात त्यांनी रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे. तुम्ही कागद मागून घेतलात, रक्तातल्या एन्झाइमचा आकडा बघितलात आणि मला म्हणालात, “ही आमचीच पूड. एरवी ते आतड्यात पोहोचेपर्यंत झोपलेलं असतं. माझं घरातच जागं झालं.” मला कळलं नाही. मग कळलं, ते आतून तुम्हालाच खात होतं, आणि मी तुमच्यावरच रागावले. असल्या वेळी कुणी असं सांगतं का?

डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, दारू घेतात का? खरं सांगा. आणि मी, जिनं त्या स्पिरिटच्या बाटलीपायी दोन वर्षं तुमचा श्वास हुंगला, ती मी ताठ म्हणाले, “नाही. कधीच नाही.” तेवीस वर्षांत तुमच्या वतीनं मी पहिल्यांदाच एवढ्या खात्रीनं काही बोलले. त्यानं वहीत लिहिलं, पित्ताचा खडा असेल म्हणाला. मी मागे वळून आले तर तुम्ही ऐकलं होतंत. हसलात. मी तुमच्या उशाशी बसले आणि तेच विचारलं. मला का नाही सांगितलं होतंत पहिल्या दिवशी? तुम्ही म्हणालात, “घरी गेल्यावर सांगतो.”

घरी तुम्ही आलात, पण ते असे.

आता काल काय झालं ते ऐका. दुपारी दार वाजलं. कादरभाई उंबऱ्याबाहेर उभे, हातात टोपी, गुडघा वाकडा करून. अम्मा पुढच्या खोलीतच बसल्या होत्या. मी घाईनं म्हटलं, कंपनीतले आहेत, औषधांच्या, आणि कादरभाईंना डोळ्यांनी खुणावलं. ते बिचारे मागे सरले. तेवढ्यात अम्मा तमिळमध्ये म्हणाल्या, “कादर, बाहेर का उभा आहेस? आत ये. गुडघा कसा आहे तुझा?”

अम्मांनी त्यांना आत बसवलं, मला कॉफी आणायला सांगितली आणि कोणता पेला काढू म्हणून मी घुटमळले तर म्हणाल्या, घरातलाच. ते तुमच्याबद्दल बोलत राहिले. तुम्ही नाही तर पाणी कुणाच्या कोपरानं बघायचं, म्हणाले. अम्मा मान डोलावत होत्या, सगळं ओळखीचं असल्यासारख्या. कादरभाई गेल्यावर मी कॉफीचा पेला हातात धरून तशीच उभी होते.

“बैस,” त्या म्हणाल्या. “त्या कारखान्याचं मला ठावें होतं. तो कामाला लागला त्या आठवड्यापासून. अंगणात त्याच्या अंगावर पाणी कोण घालत होतं?”

मी म्हटलं, मग मला का नाही कळू दिलंत? तर त्या माझ्याकडे आश्चर्यानं बघत राहिल्या. “तुला ठावें होतं?” मी म्हटलं, सुमी सहा महिन्यांची होती तेव्हापासून. चिंचेच्या पाण्यात तुम्ही रुमाल धुतलात, त्याच आठवड्यापासून. त्यांनी विचारलं, त्यानं तुला काय सांगितलं होतं? मी सांगितलं. अम्माला माहीत नाही, कळू देऊ नको, तिच्याशी जरा नीट वाग.

अम्मांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, मग रडायला लागल्या. “मला पण तेंच,” म्हणाल्या. “तिला ठावें नाही, तिला लागेल असं बोलू नको, तिच्याशी नीट वाग, अम्मा.”

एकवीस वर्षं, अहो. एकवीस वर्षं त्या मला बिचारी समजून नरम वागत होत्या आणि मी त्यांना. आम्हा दोघींच्या मधलं जे काही ताठ होतं ते तुम्ही असं काढलंत, आणि दोघींना वाटत राहिलं की मोठेपणा आपला आहे. हे तुम्ही ठरवून केलंत की भित्रेपणानं दोघींना टाळताना आपोआप झालं? माझा संशय दुसऱ्या शक्यतेवर आहे. भित्रे तुम्ही होतातच. पण ढोलापाशी मिनिट मोजत उभा राहणारा माणूस मी पाहिलाय, तेव्हा खात्रीनं सांगवत नाही.

मी धीर करून अम्मांनाच विचारलं. मी निघून जाईन म्हणून त्यांनी लपवलं ना? अम्मा म्हणाल्या, “ती नाही जाणार म्हणून तो किती वेळा सांगत होता. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात. मीच ऐकलं नाही. तिला सांगितलंस तर मी जेवणार नाही म्हणून सांगितलं त्याला.” आणि मग, “तुला त्यानं हें कधी सांगितलं नाही?”

नाही सांगितलं. सांगितलं असतंत तर अम्मांचं नाव आलं असतं, आणि मी काही त्यांच्याशी नीट वागले नसते. तेवढ्यासाठी माझा संशय अंगावर घेऊन बसलात. दर वेळी पुन्हा तेच, पुन्हा तेच. मला तुमचा राग येतो आहे, आणि तुमच्याइतकं मला कुणी ओळखलं नव्हतं हेही कळतं आहे. आत्ता, तुम्ही नसताना. तरी एक किडा वळवळतोच. अम्मा हे मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नसतील? ऐंशीची बाई, आता माझ्याच हातात. असं काही रचायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

आज सकाळी इस्पितळातून आलेली तुमची पिशवी सोडली. पँटच्या खिशात रुमाल होता. लिंबाचं पाणी करायला मी उठले, आणि थांबले. कुणापासून लपवायचं आता? बादलीत सोडा घातला आणि रुमाल टाकला. गुलाबी झाला. तसाच, लखलखीत. मी मागे पाहिलं तर अम्मा अंगणाच्या पायरीवर बसल्या होत्या, पुढ्यात समई आणि चिंचेची वाटी. त्यांचा हात सवयीनं वाटीकडे गेला. मी रुमाल तसाच पाण्यात राहू दिला. हात तिथेच राहिला, मग त्यांनी वाटी उचलून पाठीमागे ठेवली.

“त्यानंच शिकवलं होतं मला. गुलाबी दिसलं तर आंबट घाल म्हणून,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तू रुमाल घेऊन धावलीस, तेव्हा संध्याकाळी आल्यावर मला रागावला. म्हणाला, तिला डोळ्यांनी दिसलेलं तू खोटं पाडलंस, अम्मा, असं पुन्हा करू नको. ती हुशार आहे, ती माझ्या मागे येईल.”

अहो, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मांबळमला पुढच्या डब्यात मी आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. पल्लावरमला उतरून तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत, आणि चाललात ते इतके हळू, की बरीच मागे असून मी एकदाही चुकले नाही.

रुमाल मी पिळून दोरीवर घातला. वारा होता. आम्ही दोघी पायरीवर बसून तो वाळेपर्यंत बघत राहिलो, गुलाबी हळूहळू फिकट होत गेला, आणि त्याला कुणी काही लावलं नाही.